सावकाश चालणाऱ्या ऑनलाइन पोकर स्पर्धा: दोन वर्षांच्या खेळानंतरचे परीक्षण

गेली दोन वर्षे मी आठवड्यातली एक संध्याकाळ एका ऑनलाइन पोकर संकेतस्थळावरच्या स्पर्धेसाठी राखून ठेवते. खेळ नो-लिमिट होल्डेमचा असतो. प्रत्येकाच्या हातात दोन पाने, मेजावर सगळ्यांसाठी मिळून पाच पाने आणि आपली पाळी आली की समोरच्या सर्व चिप्स एकदम लावण्याची मुभा, असे त्याचे स्वरूप. प्रवेशशुल्क सर्वांत खालच्या गटातले आहे आणि भाग घेणारे साधारणपणे दीडशे ते दोनशे असतात. हे परीक्षण त्या स्पर्धेचे आणि ती चालवणाऱ्या सेवेचे आहे. संकेतस्थळाचे नाव मी देत नाही, कारण मला जे सांगायचे आहे ते स्पर्धा कशी निवडावी याबद्दल आहे, एका कंपनीची जाहिरात किंवा बदनामी करण्याबद्दल नाही. पैसे भरून पोकर खेळण्यास परवानगी आहे की नाही हे देशागणिक वेगळे असते. जिथे नाही तिथे याच रचनेच्या, नुसत्या खेळण्याच्या चिप्सवर चालणाऱ्या स्पर्धा मिळतात आणि खाली लिहिलेले बरेचसे त्यांनाही लागू पडते.

माझे मत असे की, छंद म्हणून ही स्पर्धा वेळ देण्याजोगी आहे आणि त्याला दोन कारणे आहेत. एक म्हणजे तिची सावकाश वाढणारी रचना आणि दुसरे म्हणजे प्रत्येक डावाची मागे उरणारी नोंद. बाकीच्या बाबतीत सेवा मध्यम आहे, आणि एका बाबतीत तिने मला निराश केले.

रचनेपासून सुरुवात करते, कारण नवा खेळाडू लॉबीत, म्हणजे स्पर्धांच्या यादीच्या पानावर, शिरल्यावर बक्षिसाची रक्कम पाहतो आणि लेव्हल (ब्लाइंड न वाढता चालणारा टप्पा) किती मिनिटांची आहे हे पाहायचे राहून जाते. इथे सुरुवातीला १०,००० चिप्स मिळतात आणि पहिल्या लेव्हलचे ब्लाइंड, म्हणजे दर डावात दोघांनी पाने पाहण्याआधी सक्तीने लावायच्या लहान व मोठ्या रकमा, ५० व १०० असतात, म्हणजे हाताशी १०० बिग ब्लाइंड (मोठ्या रकमेच्या शंभरपट) असतात. प्रत्येक लेव्हल १२ मिनिटांची आहे. ऑनलाइन मेजावर तासाला साठ-सत्तर डाव होतात, त्यामुळे एका लेव्हलमध्ये बारा ते चौदा डाव मिळतात आणि नऊ जणांच्या मेजावर बटनाची (वाटप कोणाचे हे दाखवणाऱ्या, डावागणिक पुढे सरकणाऱ्या खुणेची) एक फेरी पुरी होऊन दुसरीही बरीच सरकते. याच संकेतस्थळावर टर्बो नावाने चालणाऱ्या स्पर्धेत लेव्हल पाच मिनिटांची असते. तिथे पाच-सहा डाव होतात न होतात तोच ब्लाइंड वाढतो, म्हणजे एक फेरीसुद्धा त्याच भावात पुरी होत नाही. दहाव्या लेव्हलला ब्लाइंड २५० व ५०० होतात आणि सुरुवातीच्या चिप्स जशाच्या तशा असतील तर त्या २० बिग ब्लाइंडांच्या उरतात. माझ्या स्पर्धेत ही अवस्था पावणेदोन तासांनी येते, तर टर्बोत पाऊण तासात येते. वीस बिग ब्लाइंड उरले की निर्णय मुख्यतः पहिल्या दोन पानांवर होतात, आणि आणखी खाली गेले की सगळ्या चिप्स पुढे ढकलायच्या की पाने टाकायची एवढाच प्रश्न राहतो. फ्लॉप (मेजावरची पहिली तीन पाने), टर्न (चौथे पान) आणि रिव्हर (पाचवे) यांवर विचार करण्याची जी मजा आहे ती पहिल्या पावणेदोन तासांतच आहे, आणि छंद म्हणून खेळणाऱ्याने शुल्क मोजायचे ते याच वेळासाठी.

या सावकाशपणाची किंमतही आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. शेवटच्या मेजापर्यंत पोहोचलेल्या संध्याकाळी मला उठायला पाच तासांहून अधिक वेळ लागला आहे. दर तासाला पाच मिनिटांची सुटी असते आणि ती सर्व मेजांवर एकाच वेळी दिली जाते, ही सोय चांगली आहे. पण स्पर्धा अर्ध्यावर थांबवता येत नाही आणि आपण उठून गेलो तर ब्लाइंड व अँटे (प्रत्येक डावाला सर्वांनी लावायची लहान रक्कम) आपल्या चिप्समधून जातच राहतात. ज्याला एखादाच मोकळा तास मिळतो त्याने सिट-अँड-गो, म्हणजे नऊ जण जमले की सुरू होणारी एका मेजाची स्पर्धा निवडावी. तिथे हा सगळा प्रवास लहान प्रमाणात घडतो.

उशिरा प्रवेशाची पद्धत मात्र मला पटत नाही. दहावी लेव्हल संपेपर्यंत म्हणजे पूर्ण दोन तास नवे खेळाडू येत राहतात, आणि बाद झालेल्यालाही दोनदा पुन्हा शुल्क भरून बसता येते. त्यामुळे पहिले दोन तास एकूण बक्षीस किती आणि ते किती जणांत वाटले जाणार हे कोणालाच कळत नाही. ज्याने मनाशी तीन शुल्कांची तयारी ठेवली आहे तो पहिल्या तासात बेधडक खेळतो, आणि ज्याने एकाच शुल्काचे ठरवले आहे त्याला त्याच मेजावर जपून खेळावे लागते. शिवाय प्रत्येक नव्या प्रवेशावर संकेतस्थळाचा वाटा पुन्हा कापला जातो. हा वाटा नीट समजून घेण्यासारखा आहे. मी भरते त्या शुल्काचे ११० भाग मानले तर त्यातले १०० बक्षिसांत जातात आणि १० संकेतस्थळाकडे राहतात. म्हणजे मेजावर कोणीही जिंको, सर्व खेळाडू मिळून भरलेल्या रकमेतला सुमारे ९ टक्के भाग परत येत नाही. बक्षिसे साधारण १५ टक्के खेळाडूंना मिळतात, म्हणून सरासरी कुवतीच्या खेळाडूच्या शंभरातल्या पंचाऐंशी संध्याकाळी काहीही न मिळता संपणार. उत्पन्नाचा मार्ग म्हणून याकडे पाहणाऱ्याला हे आकडे कोणीतरी आधीच दाखवायला हवेत, आणि संकेतस्थळ ते मोठ्या अक्षरांत दाखवत नाही.

पाने खरोखर नीट पिसली जातात का, हा प्रश्न प्रत्येक नवा खेळाडू विचारतो, आणि तो विचारायलाच हवा. ५२ पानांचे जितके वेगवेगळे क्रम लागू शकतात त्यांची संख्या आठावर सदुसष्ट शून्ये दिल्याइतकी मोठी आहे. १९९९ मध्ये एका पोकर-सॉफ्टवेअरमध्ये सापडलेला दोष या बाबतीत शिकवणारा आहे. आपला खेळ स्वच्छ आहे हे पटवण्यासाठी त्या सॉफ्टवेअरच्या निर्मात्यांनी पाने पिसण्याची रीत स्वतःच जाहीर केली, आणि संगणक-सुरक्षेच्या जाणकारांनी ती तपासली. पिसण्याची सुरुवात ज्या संख्येपासून होत होती ती ३२ बिटांची होती, म्हणजे फार तर ४२९ कोटी क्रम शक्य होते. शिवाय ती संख्या मध्यरात्रीपासून उलटलेल्या मिलिसेकंदांवरून घेतली जात होती, आणि दिवसात मिलिसेकंद ८ कोटी ६४ लाखच असतात. सर्व्हरच्या घड्याळाशी आपले घड्याळ जुळवल्यावर शक्यता सुमारे दोन लाखांवर आल्या, आणि हातातली दोन व फ्लॉपची तीन पाने दिसताच उरलेला सगळा डाव त्यांना ओळखता येऊ लागला. तेव्हापासून सेवा निवडताना मी पहिली गोष्ट पाहते ती ही, की यादृच्छिक संख्या कुठून घेतल्या जातात आणि बाहेरच्या कोणत्या प्रयोगशाळेने त्या तपासल्या आहेत. माझ्या संकेतस्थळावर हे पान आहे, प्रमाणपत्र आहे आणि त्यावरची तारीख ताजी आहे. लागोपाठ तीनदा हरल्यावर पानांवर संशय घेणाऱ्यांची मनःस्थिती मी समजू शकते, पण त्या संशयाचे उत्तर स्वतःच्या हजारो डावांच्या नोंदीतून मिळवता येते, चडफडण्यातून नाही.

आता मी त्या नोंदीकडे वळते, कारण माझ्या मते या सेवेची खरी किंमत तिथेच आहे. स्पर्धा संपली की मी खेळलेल्या प्रत्येक डावाचा मजकूर मला उतरवून घेता येतो. डावाचा क्रमांक, कोण कुठे बसले होते, प्रत्येकापुढे किती चिप्स होत्या, कोणी किती लावले, मी पाने टाकली असली तरी ती कोणती होती, हे सारे त्यात असते. समोरासमोरच्या मेजावर डाव संपला की तो स्मरणावरच राहतो, आणि पोकरच्या बाबतीत स्मरण फार पक्षपाती असते. आपल्याला नशिबाने केलेला घात लक्षात राहतो आणि नशिबाने पदरात टाकलेले दान आपण विसरून जातो.

दोन डाव सांगते. पहिल्या डावाच्या वेळी १८० पैकी ४१ जण उरले होते आणि बक्षिसे २७ जणांना होती. माझ्या हातात इस्पिक आणि बदामाची राणी आली. मी रेझ केला, म्हणजे लावायची रक्कम वाढवली, आणि माझ्यापेक्षा थोड्या कमी चिप्स असलेल्या खेळाडूने सगळ्या चिप्स पुढे केल्या. मी कॉल केला. कॉल म्हणजे तेवढ्याच चिप्स आपणही लावणे. त्याने किलवरचा एक्का आणि चौकटचा राजा दाखवला. अशा लढतीत राण्यांची जोडी शंभरात सुमारे ५७ वेळा जिंकते. मेजावर बदामाची नव्वी, किलवरची चौकी, चौकटची दुर्री आणि मग इस्पिकची सत्ती आली. आता न दिसलेल्या ४४ पानांपैकी फक्त सहा पाने त्याला तारणारी होती, आणि रिव्हरला त्यातलाच किलवरचा राजा आला. माझ्यापुढे तीन बिग ब्लाइंड उरले आणि दोन डावांनंतर मी बाद झाले. ती रात्र मी फार वाईट मनाने काढली.

दुसऱ्या डावाच्या वेळी २९ जण उरले होते, म्हणजे आणखी दोघे गेले की उरलेल्या सर्वांना बक्षीस नक्की होते. माझ्याकडे १६ बिग ब्लाइंड होते. तासाभरात जेमतेम तीन डाव खेळलेल्या एका खेळाडूने पहिल्याच जागेवरून, म्हणजे सर्वांच्या आधी निर्णय घ्यावा लागतो तिथून, आपले १५ बिग ब्लाइंड लावले. माझ्या हातात एक्का आणि सत्ती होती, रंग वेगवेगळे. मी कॉल केला. त्याच्याकडे एक्का-राणी होती, म्हणजे माझी शक्यता चारांत जेमतेम एक होती, पण फ्लॉपवर सत्ती पडली आणि तो बाद झाला. त्या संध्याकाळी मी तिसरी आले आणि आजवरचे माझे सर्वांत मोठे बक्षीस मिळाले. महिनाभर मी तो डाव मोठ्या धाडसाचा म्हणून मनात जपला होता.

पुढे दोन्ही स्पर्धांची नोंद शेजारी ठेवून मी एकेक डाव तपासला, तेव्हा पहिल्यात मला बदलण्यासारखे काहीच सापडले नाही. तीच राणीची जोडी पुन्हा आली तर मी पुन्हा तेच करायला हवे. दुसऱ्यात मात्र माझा कॉल धडधडीत चुकीचा होता. असा जपून खेळणारा माणूस पहिल्या जागेवरून सगळ्या चिप्स लावतो तेव्हा त्याच्याकडे माझ्या एक्का-सत्तीपेक्षा दुबळे पान क्वचितच असणार, आणि बक्षिसाच्या उंबरठ्यावर पाने टाकून देणे हाच निर्णय योग्य होता. निकाल आणि निर्णय वेगवेगळे ठेवून पाहणे मी याआधी अनेकदा वाचले होते, पण ते पटले मात्र स्वतःच्या डावांच्या या दोन पानांमुळे.

उंबरठ्यावर, म्हणजे बबलवर चिप्सची किंमत कशी बदलते, हे थोडक्यात सांगायला हवे. स्पर्धेत चिप्स रोख नसतात. समजा तिघे उरले आहेत, त्यांच्याकडे एकूण चिप्सपैकी ५०, ३० आणि २० टक्के आहेत, आणि उरलेल्या बक्षिसाची वाटणीही पहिल्याला ५०, दुसऱ्याला ३० व तिसऱ्याला २० टक्के अशी आहे. प्रत्येकाने कोणत्या क्रमांकावर येण्याची शक्यता किती, याचा प्रचलित पद्धतीने हिशेब केला, तर निम्म्या चिप्स असलेल्याचा बक्षिसातला वाटा सुमारे ३८ टक्के निघतो आणि सर्वांत कमी चिप्स असलेल्याचा सुमारे २९ टक्के. म्हणजे मिळवलेली चिप गमावलेल्या चिपेपेक्षा स्वस्त असते. सॅटेलाइट स्पर्धेत, जिथे ठरावीक संख्येच्या सर्व विजेत्यांना मोठ्या स्पर्धेचा सारखाच प्रवेश मिळतो, हे इतके टोकाला जाते की कधी कधी एक्क्यांची जोडीसुद्धा टाकणे शहाणपणाचे ठरते. अशाच ऑनलाइन सॅटेलाइटमधून आलेला हिशेबनीस क्रिस मनीमेकर २००३ मध्ये वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेत ८३९ जणांतून पहिला आला आणि २५ लाख डॉलर जिंकला. त्यानंतर हौशी खेळाडूंचा ओघ सुरू झाला.

नोंदीने मला आणखी एक लहानशी पण कायम नडणारी चूक दाखवली. मी बिग ब्लाइंडवर असताना समोरच्याने दोन बिग ब्लाइंडांचा रेझ केला आणि बाकीच्यांनी पाने टाकली की मीही मध्यम पाने टाकून देत असे. नऊ जणांचे अँटे धरले तर त्या वेळी पॉटमध्ये, म्हणजे डावात जमलेल्या रकमेत, सुमारे साडेचार बिग ब्लाइंड असतात आणि मला आणखी एकच घालायचा असतो. म्हणजे शंभरात १८-१९ वेळा जिंकण्याइतकी ताकद पुरते, आणि एकाच रंगाच्या सत्ती-पंजाकडेही ती असते. हे कळल्यावर माझा पहिल्या तासाचा खेळ बराच सुधारला.

सॉफ्टवेअरबद्दल फार सांगण्यासारखे नाही. मेज नेटके दिसते, पानांचे चार रंग वेगवेगळे करण्याची सोय असल्याने बदाम आणि चौकट यांची गल्लत होत नाही, आणि रेझची रक्कम टाकायची पट्टी फोनवरही नीट चालते. एक मेज सोडून दुसऱ्यावर हलवले जाते तेव्हा मात्र आधीच्या खेळाडूंबद्दल लिहून ठेवलेली टिपणे शोधायला दोन पायऱ्या जास्त लागतात.

निराशा झाली ती संपर्क तुटण्याच्या बाबतीत. शेवटच्या मेजावर आम्ही सात जण उरलो होतो. माझ्याकडे चिप्सच्या क्रमाने तिसरी जागा होती, आणि तेवढ्यात जोडणी गेली. नियमांच्या पानावर लिहिले होते की संपर्क तुटलेल्या खेळाडूला त्याच्या राखीव वेळेव्यतिरिक्त (कठीण निर्णयासाठी प्रत्येकाला दिलेला जादा वेळ) आणखी ६० सेकंद मिळतील. मी तीन मिनिटांत परत आले. नंतर नोंद पाहिली तर त्या वेळात सहा डाव होऊन गेले होते, म्हणजे माझी पाने प्रत्येक वेळी लगोलग टाकली गेली होती, आणि त्यात दश्शीची एक जोडीही होती. राखीव वेळेतला एक सेकंदही खर्च झाला नव्हता. मी सहाही डावांचे क्रमांक लिहून मदत-विभागाला कळवले. चौथ्या दिवशी उत्तर आले ते छापील होते आणि त्यात जोडणी तपासा असा सल्ला होता. क्रमांकांचा उल्लेखही नव्हता. मी पुन्हा लिहिले, त्याला उत्तर आले नाही. दश्शीच्या जोडीने मी जिंकलेच असते असा माझा दावा नाही. पण खेळाडू ज्या नियमावर विसंबून शुल्क भरतो तो नियम पाळला गेला नाही, आणि तो का पाळला गेला नाही हे सांगण्याचे सौजन्यही दाखवले गेले नाही, हे मला गंभीर वाटते.

लबाडीच्या शक्यतेबद्दलही लिहायला हवे. २०१७ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या लिब्राटस या प्रणालीने दोघांच्या नो-लिमिट होल्डेममध्ये चार कसलेल्या खेळाडूंना १,२०,००० डावांत हरवले, आणि २०१९ मध्ये प्लुरिबसने सहा जणांच्या मेजावर तेच केले. याचा अर्थ खेळत असतानाच यंत्राची मदत घेणारा माणूस समोर असू शकतो. माझे संकेतस्थळ असे खाते बंद करते आणि त्याने घेतलेल्या बक्षिसातला वाटा इतरांना परत करते. मला एकदा अशी छोटी रक्कम आली होती, सोबत स्पर्धेचा क्रमांक होता. खालच्या शुल्काच्या स्पर्धांत हा त्रास कमी असावा असे माझे निरीक्षण आहे, कारण तिथे लबाडीच्या खटाटोपाला पुरेसा मोबदला नाही. तरीही ज्याला हे मनाला लागून राहील त्याने ओळखीच्या मंडळींचे बंद मेज भरवावे. ती सोय इथे आहे आणि चांगली चालते.

शेवटी मर्यादांची सोय, जिच्यासाठी मी या सेवेला मनापासून चांगले गुण देईन. आठवड्याला किती रक्कम भरायची आणि किती स्पर्धांत बसायचे हे आपणच ठरवून कुलूपबंद करता येते. मर्यादा कमी केली तर ती त्याच क्षणी लागू होते, आणि वाढवायची असेल तर सात दिवस थांबावे लागते व मग पुन्हा विचारले जाते. माझी मर्यादा आठवड्याला एक स्पर्धा आणि एकच शुल्क अशी आहे. राणीच्या जोडीच्या त्या रात्री मी ती वाढवण्याची विनंती टाकली होती. आठव्या दिवशी पडद्यावर प्रश्न आला तेव्हा मी नाही म्हटले, आणि ती मर्यादा अजून तशीच आहे.